सात घरचं इंजिन

नेरेइदा किन्योनेसला गप्प बसवणं केब्राडा ओंडा वस्तीत आजवर कुणाला जमलेलं नाही. पाद्रीला नाही, नगरपालिकेच्या माणसांना नाही, आणि तिच्या दिवंगत नवऱ्याला तर नाहीच. तो बिचारा मुळातच शांत होता की लग्नानंतर शांत झाला, यावर बेकरीत अजून वाद चालतो. बाई साठीच्या पुढची, बुटकी, केस लालभडक रंगवलेले. ओठांवर लिपस्टिक आणि नखांत ग्रीस, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हींचा तिला सारखाच अभिमान. घरापुढच्या शेडमध्ये ती रोटरी इंजिनं बांधते आणि बांधताना त्यांना शिव्या घालते. तिच्या मते त्याशिवाय ती नीट बसत नाहीत.

तरुणपणी ती बायकांच्या कपड्यांच्या गावाबाहेरच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायची. एके दिवशी कारखान्याला टाळं लागलं, मालक आणखी स्वस्त मजुरीच्या देशात निघून गेला, आणि नेरेइदा घरी बसली. घरी बसणं तिला मानवणारं नव्हतं. भावानं एक मोडकं रोटरी इंजिन शेडमध्ये आणून टाकलं होतं, ते तिनं कंटाळ्यापोटी उघडलं. आत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. एका जाड दांड्यावर दोन त्रिकोणी रोटर, फुगीर बाजूंचे, आपापल्या घरात, म्हणजे कवचात, गरगरणारे. रोटरच्या टोकांना आणि कडांना बारीक लोखंडी पट्ट्या, आतला दाब अडवून धरण्यासाठी. पट्ट्या आपल्या खाचेत बरोब्बर बसल्या तर गाडी किंचाळत सुटते, जरा सैल पडल्या तर नुसता धूर. नेरेइदानं एक पट्टी बोटावर घेतली, उन्हात धरून पाहिली आणि म्हणाली, "बस, एवढंच? सुईच्या कामाला पुरुषांनी उगीच एवढं मोठं नाव दिलंय!"

तेव्हापासून ती हेच करत आलीय. आमच्या बेटावर रोटरीचं वेड किती, ते काय सांगायचं. इथं पोराला आईची हाक ऐकू येत नाही, पण डोंगरापलीकडे रोटरी गाडी सुरू झाली तर तो जेवणावरून उठतो. त्यामुळे नेरेइदाच्या शेडला बरीच वर्षं काम कमी पडलं नाही. तिची खासियत एकच, जुन्यातून निवडून बांधायचं. या इंजिनाचा रोटर, त्या इंजिनाचं घर, तिसऱ्याचा दांडा. जमेल ते जमवायचं, जमत नाही ते घासून जमवायचं.

समोरच्या घरातल्या हेनारोचा याला सक्त विरोध. हेनारो म्हणजे तिचा कोम्पाई, तिच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी यानंच हातावर घेतलं होतं, आणि त्या नात्यानं ती त्याची कोमाई. तोही रोटरीवाला, पण त्याच्याकडे सगळा नवा माल, सीलबंद खोक्यातला. खोकं फाडताना त्याचा चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा होतो. वर्षभरापूर्वी नेरेइदानं बांधलेलं एक इंजिन शर्यतीच्या पट्ट्यावर सगळ्यांदेखत फुटलं. इंजिनं फुटतात, त्यात नवल नाही. पण हेनारोनं त्यावर जे भाषण ठोकलं, त्याला तोड नव्हती. "हे इंजिन नाही, सांकोचो आहे," तो म्हणाला. "घरात जे उरलं ते टाकलं पातेल्यात आणि उकळलं." लोक हसले. सांकोचो आम्ही सगळेच आवडीनं खातो, पण त्यात बसून कुणाला शर्यत मारायची नसते. हळूहळू गिऱ्हाईकं रस्ता ओलांडून समोर जायला लागली.

मग वादळ आलं. शेडचं छप्पर रात्रीत उडून नदीपलीकडे पडलं आणि नदी शेडमध्ये आली. त्या वेळी नेरेइदाकडे सात घरची सात इंजिनं उघडून ठेवलेली होती, प्रत्येकाचे भाग आपापल्या ट्रेमध्ये. पाणी ओसरलं तेव्हा ट्रे कुठल्या कुठे गेले होते, आणि सातही इंजिनं एकाच चिखलाच्या ढिगात कालवलेली होती. मोठे भाग ओळखू आले. रोटरवर मालकांनी खुणा कोरलेल्या असतात, त्या वाचता आल्या. पण पट्ट्या? वापरलेली पट्टी आपल्याच खाचेला सरावलेली असते. दुसऱ्या खाचेत घातली की ती एक तर अडते, नाहीतर दाब सोडते. आणि इथं ओंजळभर पट्ट्या एकमेकींत मिसळलेल्या, कुणाची कोण ते सांगायला कुणी नाही. बंदरात माल अडकून पडलेला, नवे भाग यायचं नाव नाही. हेनारोची खोकी मात्र माडीवर कोरडी ठणठणीत.

वीज यायच्या आधी शर्यतीची बातमी आली. दक्षिण किनाऱ्यावरचा शर्यतीचा सरळ पट्टा साफ झाला होता, वादळानंतरची पहिली शर्यत ठरली होती: दर फेरीत दोन गाड्या शेजारी पळणार, हरेल ती बाद. सकाळी बेकरीत जनरेटरच्या घरघरीत कॉफी पिताना हेनारोनं जाहीर केलं, "आपल्या वस्तीतून यंदा एकच गाडी जाणार. माझी."

"का रे कोम्पाई, माझी पिसू मेली का?" नेरेइदानं विचारलं. पिसू म्हणजे तिची जुनी टोयोटा, पुढून चेपलेली, पोटात माझदाचं रोटरी बसवायची जागा असलेली. चालवायची तिची मुलगी यारेलिस.

"पिसू आहे गं, पण तिच्या पोटात काय घालणार? चिखल?"

"सात इंजिनांतून एक काढीन."

"आणि ते पहिल्याच फेरीत फुटेल."

इथं शहाणी बाई गप्प बसली असती. नेरेइदा खुर्चीवर चढली. "सगळ्यांनी ऐका! पिसू सगळ्या फेऱ्या पळेल, आणि शेवटी तिचं इंजिन आतून अख्खं असेल. एक पट्टी जरी तुटलेली निघाली, तर मी शेडवरची पाटी उतरवीन आणि समुद्रापलीकडे ऑर्लँडोला बहिणीकडे कुत्री सांभाळायला जाईन. माझ्या आईची शपथ!"

बेकरीत सगळ्यांनी कप खाली ठेवले. आईची शपथ आमच्याकडे कुणी उगीच घेत नाही. यारेलिसनं कपाळाला हात लावला. "आई, तुला कुत्री आवडत नाहीत."

"म्हणूनच तर इंजिन नीट बांधीन ना!"

घरी आल्यावर मात्र तिनं शेडवरची पाटी एकदा पुसून काढली. तिला बेट सोडायचं नव्हतं. वादळानंतर रोज कुणीतरी बॅगा भरून विमानतळावर जात होतं. प्रत्येक गाडीला हात हलवून ती शेडमध्ये यायची आणि रिकाम्या जागेकडे बघत बसायची. ऑर्लँडोत तिला कोण विचारणार होतं? तिथं ती कुणाची तरी थोरली बहीण असती, बस. इथं ती नेरेइदा होती. आणि तीच गोष्ट तिनं खुर्चीवर चढून पणाला लावली होती.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. ढिगातला माल तिच्या शेडमध्ये असला तरी तिचा नव्हता, विचारल्याशिवाय वापरणं तिला पटेना. "एक भाग उसना दे," ती प्रत्येकाला म्हणाली. "शर्यत झाली की जसाच्या तसा परत." न्हावी एव्हारिस्तोनं मागचा रोटर दिला, पण गालातल्या गालात हसून. "वापर बाई. नाहीतरी माझ्याकडे तो दाराला अडसर म्हणूनच लागणार." बाकीच्यांनी कुणी दांडा, कुणी रोटरची घरं दिली. पुढचा रोटर हवा होता तो म्हाताऱ्या ओबदुलियाच्या इंजिनातला; तिला सगळे मानानं दोन्या म्हणत. तिचा नवरा पोलो वादळानंतर दवाखान्यात गेला तो परत आला नव्हता, आणि त्याचं इंजिन तिच्या दृष्टीनं त्याचंच होतं.

"त्याला लागेल का काही?" म्हातारीनं विचारलं.

"दोन्या, तुम्हाला खोटं नाही सांगत. फुटलं तर त्याचे तुकडे होतील."

म्हातारीनं भिंतीवरच्या पोलोच्या फोटोवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "वापर. तुझ्या शेडमध्ये पडून त्यालाही कंटाळा आला असेल."

मग काम सुरू झालं. दोन्ही रोटर तिनं भाजलेलं डुक्कर विकणाऱ्याच्या तराजूवर नेऊन तोलले. एकमेकांच्या जवळपास भरले, तेव्हा तराजूवालाही हरखला आणि त्यानं तिला कातडीचा कुरकुरीत तुकडा फुकट दिला. रोटरची सगळी घरं तिनं बोट फिरवून तपासली, जिथं मुलामा उडाला होता ते घर बाद. मग पट्ट्या. एक खाच घ्यायची, ओंजळीतून पट्टी उचलायची, लावून बघायची. आखूड असली तर बाजूला टाकायची, लांब असली तर टोक दगडावर दोनदा घासायचं, पुसायचं, परत लावायचं, फट मोजायची. जास्त घासली की गेली. उजेड असेतो ती शेडच्या तोंडाशी बसायची, मांडीवर रोटर घेऊन, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं बाई तांदूळ निवडतेय. घासताना ती बडबडायची, "तू कुणाची गं? आता याची. माहेर विसर."

इंजिन जोडून झालं, पिसूच्या पोटात बसलं, आणि भर दुपारी यारेलिसनं चावी फिरवली. आधी धूर, मग खोकला, मग तो आवाज. शेजारीपाजारी धावत आले. नेरेइदानं दोन्ही हात वर केले. "दे, वेग दे!"

यारेलिसनं वेग वाढवला. आणि पिसू थरथरायला लागली. आरसा लटपटला, फळीवरची कॉफीची किटली चालत चालत कडेला आली आणि खाली पडली. आणखी वेग दिला तर इंजिन गाडीतून उतरून घरी निघून जाईल असं वाटायला लागलं.

समोरच्या माडीवरून हेनारो ओरडला, "कोमाई! वॉशिंग मशिन लावलंस काय? माझे पण दोन सदरे टाक!"

लोक हसत पांगले. नेरेइदानं इंजिन उतरवलं, उघडलं, परत जोडलं. थरथर तीच. तिनं इंजिनाखालच्या रबरी बैठका बदलल्या. थरथर तीच. तिनं जेवण टाकलं, यारेलिसवर खेकसली, रोटरला पोलोच्या नावानं शिव्या दिल्या आणि मग लाजून क्रॉसची खूण केली. शर्यत तोंडावर आली होती.

उत्तर तिला सापडलं ते चिडून सगळा माल परत जमिनीवर मांडताना. रोटरच्या पाठीवरची कंपनीची खूण तिनं आधीही वाचली होती, पण आता ती जरा थांबून वाचली. दोन्ही रोटर नंतरच्या सालांतले, हलके. दांड्याच्या पुढच्या टोकाचं तोलाचं वजनही त्याच सालांतलं. पण मागच्या टोकाचं वजन जुन्या, जड रोटरांसाठी घडवलेलं. रोटर फिरताना एका बाजूला झुकतात, ते सावरायला दोन्ही टोकांना अशी वजनं लागतात, आणि ती रोटरच्याच कुळातली लागतात. तिनं दोन्ही रोटरांचं एकमेकांशी जमवलं होतं आणि त्यांना धरून ठेवणाऱ्याला विचारलंच नव्हतं. सगळं काही जमवून घेईन म्हणणाऱ्या माणसाचीच ही चूक. नव्या खोक्यावाल्याच्या हातून ती झालीच नसती, आणि हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

हलक्या रोटरांना जुळणारं मागचं वजन ढिगात नव्हतं, नदीनंच नेलं असावं. आख्ख्या वस्तीत एकच होतं, आणि ते कुठं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. हेनारोची बायको कार्मिन ते भाताच्या पातेल्याच्या झाकणावर ठेवायची, वाफ कोंडायला.

रस्ता ओलांडायला तिला अर्धा दिवस लागला. शेवटी ती हेनारोच्या दारात जाऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेर. आमच्यात कोमाई दारात उभी राहून काही मागते तेव्हा कोम्पाईला नाही म्हणता येत नाही. म्हणूनच अशी माणसं सहसा दारात उभी राहत नाहीत.

"कोम्पाई," ती म्हणाली, "तुझ्या पातेल्यावरचं वजन हवंय."

हेनारोनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. "अच्छा! म्हणून ते थरथरत होतं."

"बोल. काय भाषण करायचंय ते करून घे."

पण हेनारोनं भाषण केलं नाही. तो आत गेला, फडक्यानं धरून ते गरम वजन घेऊन आला. मागून कार्मिन ओरडत आली, "अहो, भात कच्चा राहील!"

"राहू दे," हेनारो म्हणाला. मग नेरेइदाकडे वळून, "थरथरणाऱ्या गाडीला हरवून मला काय मिळणार? लोक म्हणतील, वॉशिंग मशिनला हरवलं. घेऊन जा. आणि नीट घट्ट कर, माझी इज्जत आहे त्यात."

शर्यतीच्या रविवारी वस्तीत कोंबड्याशिवाय कुणी उरलं नाही. पट्ट्याच्या कडेला तळणाचा वास, ढोलकी, छत्र्या, बर्फाच्या पेट्या. पिसू थरथरली नाही. पहिल्या फेरीत ती सुटली तेव्हा तिचा आवाज फाटणाऱ्या कापडासारखा सरळ वर गेला, आणि नेरेइदाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. दुसरी फेरी मारली, तिसरी मारली. दर फेरीनंतर नेरेइदा बॉनेटवर हात ठेवायची आणि ओठ हलवायची. प्रार्थना की शिवी, ते विचारायची कुणाची छाती नव्हती.

शेवटच्या फेरीत मुकाबला हेनारोच्या पिवळ्या गाडीशी. तो स्वतः चालवत होता, पोट स्टिअरिंगला टेकलेलं. दिवे पिवळे झाले, हिरवे झाले. हेनारो आधी सुटला. अर्ध्या पट्ट्यापर्यंत तो पुढे होता, आणि नेरेइदानं डोळे मिटून घेतले. मग शेजारी एव्हारिस्तो किंचाळला, "माझा रोटर! माझा रोटर!" तिनं डोळे उघडले तेव्हा पिसूचं चेपलेलं नाक पुढे होतं आणि पुढेच राहिलं.

काय वर्णावा तो गोंधळ. दांडा दिलेला नाचत होता, घरं दिलेले एकमेकांच्या गळ्यात पडत होते. कार्मिन आपल्या हरलेल्या नवऱ्यासमोर नाचत होती, "वजन माझं! वजन माझं!" यारेलिस गाडीतून उतरली आणि आईला उचलूनच घेतलं.

तेवढ्यात हेनारो हेल्मेट काढून आला आणि म्हणाला, "उघड."

सगळे वळून बघायला लागले. आमच्या पट्ट्यावर हा हरणाऱ्याचा हक्क आहे. शेवटच्या फेरीत हरलेल्यानं "उघड" म्हटलं की जिंकणाऱ्यानं तिथंच सगळ्यांसमोर इंजिन उघडून दाखवायचं.

"हेनारो, हरलास ते हरलास," एव्हारिस्तो म्हणाला.

"जिंकणं तिचं. पण शपथ तिनं कशाची घेतली होती? आतून अख्खं असेल म्हणून. मला बघायचंय."

नेरेइदानं पिसूच्या बॉनेटवर हात ठेवला. जिंकणं खरं होतं, पण इतक्या फेऱ्यांनंतर आत काय झालंय हे तिलाही माहीत नव्हतं. एखादी पट्टी तडकली असली तर गाडी तेवढ्यावरही पट्टा पार करते आणि घरी जाऊन मरते. तिला ऑर्लँडोच्या बहिणीच्या अंगणातली भुंकणारी कुत्री दिसायला लागली. तरी ती म्हणाली, "आणा पाने!"

चार जणांनी मिळून इंजिन काढलं. जेवणाचं टेबल रिकामं केलं, त्यावर कापड अंथरलं. उन्हं कलली होती, पण उजेड भरपूर होता. लांब बोल्ट एकेक करून निघाले, मागचं झाकण उचललं, मागचा रोटर बाहेर आला, मग पुढचा. हेनारोनं चष्मा लावला आणि एकेक पट्टी खाचेतून काढून नखानं चाचपायला सुरुवात केली. एक टोक, दुसरं टोक, मग कापडावर. लोक टेबलावर वाकले. नेरेइदा चक्क बोलत नव्हती, आणि त्यामुळे लोक जास्तच घाबरले होते.

शेवटची पट्टी त्यानं दोनदा पाहिली. उन्हाकडे धरली. मग ती इतरांशेजारी ठेवली आणि चष्मा काढला.

"एकही नाही," तो म्हणाला. "एकही तडा नाही. कोमाई, हे एकमेकांचे कुणीच लागत नाहीत आणि तरी..." नेरेइदाचा कोम्पाई भर पट्ट्यावर डोळे पुसत होता, आणि वर म्हणत होता की पेट्रोलची वाफ लागली.

नेरेइदा रडली. सरळ, मोठ्यानं, लिपस्टिक फिसकटेपर्यंत. मग नाक पुसून तिनं टेबलाभोवती उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. "चला, आता आपापलं घ्या. उसनं मागितलं होतं, जसंच्या तसं परत देते म्हटलं होतं. एव्हारिस्तो, हा तुझा अडसर. दोन्या, हा पोलोचा."

एव्हारिस्तो जागचा हलला नाही. घरं दिलेल्यानं हात खिशात घातले. कार्मिन दुसरीकडे बघायला लागली. दोन्या ओबदुलिया पुढे आली, तिनं पुढचा रोटर दोन्ही हातांनी उचलला, आणि बघणाऱ्यांना वाटलं म्हातारी तो घरी नेणार. तिनं तो नेरेइदाच्या हातांत दिला.

"माझा पोलो आयुष्यभर शर्यत हरला," ती म्हणाली. "आज कुठं जिंकलाय. त्याला टेबलावर कशाला ठेवतेस? परत बसव."

"सगळंच परत बसव," एव्हारिस्तो म्हणाला. "आणि माझ्या उरलेल्या भागांचंही एक इंजिन बांध. तुझ्याच शेडमध्ये आहेत ते."

"माझ्याही," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक जण.

नेरेइदानं एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मग बाह्या वर केल्या, रोटर मांडीवर घेतला आणि पहिली पट्टी उचलली. "मग उभे काय राहिलात? तेल आणा, फडकी आणा. आणि कोम्पाई, तू बाजूला हो, माझा उजेड अडतोय."